ॲल्युमिनाची चिप भरभर तापवली की टीएल (थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे तापवल्यावर बाहेर पडणारा प्रकाश) कमी येतं. नमुना खराब झाला का?

नाही. चिप फेकू तर अजिबात नका.

तुम्ही लिहिलंय की किरणोत्सर्ग मोजायची कार्बन मिसळलेली चिप तीच, किरणांचा डोस तोच. पण सेकंदाला 1 ऐवजी 10 अंशांनी तापवली की पीक, म्हणजे प्रकाशाच्या आलेखाचा शेंडा, तीसेक अंश पुढे जातो आणि एकूण प्रकाश निम्म्याहून कमी भरतो. तुमचे गाइड म्हणतात, ट्रॅप, म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवणाऱ्या जागा, गेले.

हेच मी एम. फिल.ला असताना ऐकलंय. माझ्या गाइडनी ग्लो कर्व्हचा, म्हणजे तापवतानाच्या प्रकाशाच्या आलेखाचा, कागद पालथा घातला आणि म्हणाले, ‘‘हाताळणी सुधारा.’’ हाताळणीत काही चूक नव्हती. पुन्हा तोच डोस देऊन 1 अंशाने तापवलं की जुना आकडा जसाच्या तसा परत यायचा. ट्रॅप मोडले असते तर तो कुठून आला असता?

ट्रॅप वेगळा आणि प्रकाश देणारं केंद्र वेगळं, एवढंच मला त्यांना पटवायचं होतं. प्रकाश देते ती ऑक्सिजनची रिकामी जागा. तिच्यात एक इलेक्ट्रॉन असला तर ती एफ-प्लस. ट्रॅपमधून सुटलेला दुसरा तिथे येऊन बसला की उत्तेजित एफ केंद्र तयार होतं आणि 420 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देतं. पण स्फटिक पुरेसा गरम असला तर तीच ऊर्जा लॅटिसच्या, म्हणजे अणूंच्या जाळीच्या, कंपनांत जिरते. भरभर तापवलं की पीक जास्त तापमानाला येतो, म्हणून जिरणंही जास्त. इलेक्ट्रॉन तेवढेच सुटतात, उजेड कमी पडतो. हेच थर्मल क्वेंचिंग. कार्बनवाल्या ॲल्युमिनात त्याची ऊर्जा सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

मग मी एका रविवारी शेजारच्या प्रयोगशाळेतलं एक्स-रे मशीन मागून घेतलं. चिप गरम केली आणि किरण चालू ठेवून ती थंड होत असताना चमक मोजली. थंड होतानाच मोजायची, तापवताना मोजली तर टीएल त्यात मिसळतं. 190 अंशांच्या जवळपास चमक निम्मी होती, खाली उतरत गेली तशी पूर्ण भरून आली. या मोजणीत ट्रॅपचा संबंधच फारसा नव्हता. गाइडनी तो आलेख पाहिला आणि तरीही प्रबंधातून 10 अंशांच्या ओळी काढायला लावल्या. मी काढल्या. ते आजही सलतं.

तुम्ही काढू नका. एक्स-रेचा आलेख शेजारी छापा आणि त्यांना विचारा, ट्रॅप गेले असतील तर ही चमक का घसरते? रशियातल्या उरलच्या संशोधकांनी 1990च्या सुमारास हा पदार्थ डोसिमेट्रीसाठी, म्हणजे किरणांचा डोस मोजायला, पुढे आणला, तेव्हापासून त्याच्या क्वेंचिंगवर भरपूर छापून आलंय. हा वाद तुमच्या गाइडशी नव्याने घालायची वेळच यायला नको.

मात्र एकूण प्रकाशासाठी ग्लो कर्व्हखालचं क्षेत्रफळ काउंट-विरुद्ध-वेळ असं काढलंय ना ते बघा. आडव्या अक्षावर तापमान असेल तर हीटिंग रेटने भागावं लागतं. 10 अंशांना चिपचं तापमान तापवणाऱ्या पट्टीच्या मागेही पडतं, त्यामुळे त्या तीस अंशांतले काही खोटे असतील. शिवाय डोस दिल्यावर चिप ट्यूबलाइटखाली राहिली असेल तर ट्रॅप खरोखरच रिकामे होतात. तेव्हा आधी 900 अंशांना पंधरा मिनिटं ॲनील करा, म्हणजे तापवून ट्रॅप रिकामे करा, आणि पुढची सगळी हाताळणी लाल दिव्यात करा.