इटालियन ‘आपोआप’ येत नाही, ताई

ताई, तुमचं वय ३९, सोबत नऊ वर्षांची मुलगी, आणि पुढच्या सप्टेंबरात म्हापशाहून इटलीतल्या ब्रेशियाला नवऱ्याकडे यायचंय. तर भाषा तिकडूनच शिकून यावी का, की नवऱ्याचे मित्र म्हणतात तशी ती इथे राहून आपोआप येते, असं तुम्ही विचारलंत.

आपोआप येत नाही. मी गोव्यातल्या साखळीची. बेर्गामोला आले तेव्हा ३६ वर्षांची होते. पहिलं दीड वर्ष हॉटेलच्या खोल्या आवरायचं काम केलं. सोबतच्या बायका सगळ्या परदेशी, घरात मराठी, फोनवर कोंकणी. दीड वर्षात पन्नासेक शब्द आले असतील, त्यातले निम्मे चादरी-टॉवेलांचे.

पहिल्या सकाळची गोष्ट सांगते. बेसिनच्या एका नळावर ‘सी’ अक्षर होतं. मी इंग्रजी हिशेबाने थंड समजून खाली हात धरला आणि भाजून घेतला. ‘सी’ म्हणजे काल्दो, गरम. थंड ते ‘एफ’, फ्रेद्दो. तेव्हापासून इंग्रजीच्या वाटेने इटालियनकडे जायचं सोडलं. आपल्याला मराठीची वाट जवळची आहे.

उच्चारच घ्या. त आणि द आपलेच, ट-ड नाहीत. ‘दिली’ आणि ‘दिल्ली’ यांतला फरक आपल्या कानाला शिकवावा लागत नाही, तसाच कापेल्लो म्हणजे केस आणि काप्पेल्लो म्हणजे टोपी. पित्सातला ‘त्स’ म्हणजे आपल्या चुलीतला च, जरा दाबून म्हटलेला. व्याकरणातही तेच. आपण ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ म्हणतो. इथे ‘मी पियाचे’ (मला आवडतो) आणि ‘मी पियाच्योनो’ (मला आवडतात), म्हणजे क्रियापद आवडणाऱ्याचं नाही, आवडलेल्या वस्तूचं. आमच्या वर्गातली इंग्रजीतून शिकणारी मंडळी यावर महिनाभर अडली होती, मी मात्र पहिल्याच दिवशी मान डोलावली. बाई ‘सोनो आंदाता’ म्हणते आणि पुरुष ‘सोनो आंदातो’, जसं आपलं गेले आणि गेलो. पुस्तक इंग्रजीतलं असलं तरी वहीत अर्थ मराठीतच लिहा.

गोव्याचा म्हणून आणखी एक फायदा आहे. पोर्तुगीजांकडून आलेले शब्द इथे चुलतभावांसारखे भेटतात. चावी ही क्यावे, साबण सापोने, बटाटा पाताता, आणि आपला ‘पगार’ इथे पागारे, म्हणजे पैसे देणे. पण फार विसंबू नका. जनेल म्हटलंत तर कोणी उघडणार नाही, खिडकीला फिनेस्त्रा म्हणतात.

आता शिकायचं कसं. आमचे बाबा जत्रेतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे. तालमीत त्यांच्या शेजारी बसून मला सगळ्यांचे संवाद पाठ व्हायचे, आणि तीच युक्ती मी इथे वापरली. उद्या चीज आणायचंय? मग आज रात्री वहीत तेवढाच प्रवेश लिहायचा. ‘दुए एत्ती’ म्हणजे दोनशे ग्रॅम. इथे शंभर ग्रॅमचा एक ‘एत्तो’ असतो, किलोने कोणी मागत नाही. आरशासमोर दहा वेळा म्हटलं, दुकानात गेले, झोकात म्हटलं. तर काउंटरमागच्या बाईने विचारलं, ‘इंतेरो ओ आ फेत्ते?’ हा संवाद माझ्या वहीत नव्हता. मी नुसती हसत उभी, मागे रांग. तिने सुरी उचलून हवेत दोनदा कापल्यासारखं केलं, तेव्हा कळलं: अख्खं की काप करून? रात्री वहीत तेही लिहिलं. त्या वहीवर दोन वर्षं काढली. आपलं वाक्य येणं सोपं आहे, पुढच्याने काय विचारलं ते कळणं खरं काम.

नवऱ्याच्या इटालियनवर विसंबू नका. कारखान्यातलं इटालियन म्हणजे ‘मी जाणे, तू आणणे’. आणि लोकही परदेशी माणसाला सर्रास ‘तू’ म्हणतात, हे मला अजून टोचतं. आदराने बोलायचं तर ‘लेइ’. मी समोरच्याला लेइच म्हणते. बरेच जण मग वरमून लेइवर येतात. मुलगी वर्षभरात तुमच्या चुका काढायला लागेल. काढू दे. पण डॉक्टरकडे तिला दुभाषी करू नका, आईचं दुखणं तिच्या तोंडून सांगायला लावणं बरं नव्हे.

वर्गाचं म्हणाल तर प्रौढांसाठी सरकारी शाळा असतात, त्यांना ‘चिपीया’ म्हणतात. फी नाममात्र, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचे वर्गही असतात. तुम्ही सप्टेंबरात येताय ते छानच, वर्गांची सुरुवात त्याच सुमारास होते. आल्या आठवड्यातच नाव घाला. पाच वर्षांनी दीर्घ मुदतीच्या रहिवासाचं कार्ड मागताना इटालियनची ए-२ पातळी, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती भाषा, दाखवावी लागते, नागरिकत्वासाठी २०१८पासून त्याच्या वरची बी-१. तोवर गोव्यातून येताना आकडे, वार, घड्याळ आणि शरीराचे अवयव एवढं पाठ करून आलात तरी पुष्कळ. ‘चि’ आणि ‘ने’ (साधारण ‘तिथे’ आणि ‘त्यातलं’) हे दोन चिमुकले शब्द मात्र मलाही नऊ वर्षांनंतर धड जमत नाहीत. आणि ब्रेशियात वाक्यागणिक ‘पोता’ ऐकू येईल. आपल्या पोत्याशी संबंध नाही, आपल्या ‘च्यायला’सारखा तो स्थानिक बोलीतला उद्गार आहे. मूळ अर्थ नवऱ्यालाच विचारा.

म्हापशात स्कूटर चालवत असाल तर हेही सांगून ठेवते. इथला रहिवास नोंदवल्यापासून एका वर्षापुरतंच आपलं लायसन्स चालतं. पुढे नव्याने परीक्षा, लेखी भाग इंग्रजीत मिळत नाही. खरं-खोटं पद्धतीचे ३० प्रश्न, २० मिनिटं, चौथी चूक झाली की नापास. मी दुसऱ्या खेपेला सुटले. त्या परीक्षेच्या पुस्तकात मी पानोपानी पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेत. ते तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते.