निवृत्तीनंतर लगेच बिल्डरकडे नोकरी?

प्रश्न : आमचे हे तीन महिन्यांपूर्वी पणजीच्या सरकारी खात्यातून गट अ इंजिनियर म्हणून रिटायर झाले, आता एक बिल्डर कन्सल्टंट म्हणून बोलावतोय, पगार चांगला आहे. घेतली तर चालेल ना? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, घाई नको. गोव्यात राज्य सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेतल्यांना केंद्राचेच सीसीएस (सेंट्रल सिव्हिल सर्व्हिसेस) पेन्शन नियम लावतात, आणि त्यात गट अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खाजगी नोकरी धरायची तर सरकारची आधी परवानगी लागते, नाहीतर पेन्शन थांबवू शकतात, पूर्ण किंवा थोडी. नुसता सल्ला देतो म्हणून पण सुटका नाही, खात्यातल्या माहितीच्या जोरावर कन्सल्टन्सी केली तर तीही यातच येते.

मुख्य म्हणजे, ह्याच बिल्डरच्या फायली यांच्या टेबलावर गेल्या होत्या का? शेवटच्या तीन वर्षांतली कामं तपासतात. गेल्या असतील तर मी स्पष्टच सांगते, परवानगी मिळाली तरी हे काम घेऊ नये, कारण तेव्हाची सही या पगारासाठी होती का असं लोक विचारणारच आणि ते चुकीचं नाही. फायली नसतील तर जुन्या खात्यात रीतसर अर्ज द्या, पोच घ्या, आणि तोवर बिल्डरला होकार देऊ नका.