गावाजवळ कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रकल्प येतोय. जनसुनावणीत काय विचारावं?

तुमच्या बेळगाव तालुक्यातल्या गावाच्या माळावर कारखान्यांचं सांडपाणी टँकरने आणून त्यावर पुनर्प्रक्रिया करणार, जनसुनावणीची नोटीस लागली आहे, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल कन्नड आणि इंग्रजीत आहे. विरोध करायचा की कसं, आणि मराठीत बोललेलं चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी भाषेचं सांगतो, कारण आपली माणसं तिथेच गप्प बसतात. बिनधास्त मराठीत बोला. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिलाय. लेखी हरकतही मराठीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नोटीस निघाल्यापासून निदान ३० दिवस मिळायला हवेत. अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा पंचायतीत, जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळते. गावातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या पोरांना सोबत न्या.

सरसकट विरोध करा असं मी म्हणणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) कारखान्यात सांडपाण्याच्या कामावर माझी बरीच वर्षं गेली. छोट्या कारखानदाराला स्वतःची यंत्रणा परवडत नाही, त्यामुळे सामाईक प्रकल्पाची गरज खरी आहे. पण त्यात नक्की काय होतं ते गावाला ठाऊक पाहिजे.

क्रोम प्लेटिंगचं पाणी हळदीसारखं पिवळं असतं. त्यात आम्ल घालून पीएच (आम्लपणाचं माप) दोन-तीनवर आणायचा, मग सोडियम बायसल्फाइट टाकलं की पिवळेपणा जाऊन हिरवट रंग येतो. नंतर चुना घातला की क्रोमियम गाळ होऊन तळाला बसतं. तो गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या निघतात. वरचं नितळ पाणी बघून पाहुणे खूश होतात, पण क्रोमियम कुठं गेलं नाही, ते त्या वडीत आहे! पुढे आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळायचं यंत्र) लावला तरी तेच. एका बाजूने चांगलं पाणी, दुसऱ्या बाजूने दाट खारं पाणी. ते आटवून मीठ वेगळं काढायला बाष्पीभवन यंत्र लागतं, त्याला वाफ आणि वाफेला इंधन. खर्चाचं काम हेच, आणि रात्री बंद ठेवायचा मोह होतो तोही इथेच.

म्हणून पहिला प्रश्न गाळाचा आणि मिठाचा. रोज किती निघणार, कुठल्या शेडमध्ये ठेवणार, घातक कचऱ्याच्या कुठल्या अधिकृत जागेवर जाणार, आणि दर गाडीमागच्या मॅनिफेस्टची (कचरा कुठून कुठे गेला त्या कागदाची) नोंद ग्रामपंचायतीला दाखवणार का? दुसरा प्रश्न बाष्पीभवन यंत्राचा: त्याला वेगळा वीजमीटर आणि पाण्याचा मीटर बसणार का, आणि त्याचे आकडे गावाला दिसणार का?

मग पावसाचं. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या भातशिवारात कसं घुसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. टाक्यांवर छप्पर आहे का, भोवतीचा बांध सगळ्यात मोठी टाकी फुटली तरी पाणी अडवेल का, हे लेखी मागा.

सुनावणीआधी एक काम मात्र कराच. गावातल्या विहिरी आणि बोअरचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या: पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, क्रोमियम, निकेल. नमुने पीडीओंच्या (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांच्या) समोर घ्या, पंचनामा करा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. आजचा कागद हातात नसला, तर उद्या विहीर बिघडल्यावर 'आधीपासून असंच होतं' हे उत्तर ठरलेलं.

सुनावणीत मतदान नसतं. जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं, आणि निर्णय नंतर वरच्या पातळीवर होतो. वर जातं ते इतिवृत्त. त्यामुळे नुसत्या घोषणा देऊन उठून आलात तर नोंदीत काही उरत नाही. एकेकाने एकच प्रश्न, नाव-गाव सांगून, सावकाश विचारा. रोज पाणी भरणाऱ्या बायकांना पुढे बसवा. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा नियम आहे. तोवर कुणी हलू नका, आणि आपला मुद्दा गाळलेला दिसला तर तिथल्या तिथे उभं राहून लिहून घ्यायला लावा.