जॉइन की कनेक्ट?

इंग्रजीत 'जोडणं' म्हणताना 'जॉइन' कधी नि 'कनेक्ट' कधी, हाच प्रश्न ना? अरे, सोपं आहे की! आपल्या बेळगाव जिल्ह्याचा नकाशा काढ. मार्कंडेय नदी गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, पुढं दोघींचं एकच पाणी. तिथं 'जॉइन'. चोर्ला घाटाचा रस्ता बेळगाव-गोवा जोडतो, पण दोन्ही आपापल्या जागीच; मधून फक्त गाड्या ये-जा करतात. तिथं 'कनेक्ट'. फोन, इंटरनेट कनेक्टच. नोकरीसाठी कंपनी मात्र जॉइन करायची.

आपल्या पोरांची खरी खोड वेगळीच. 'घटप्रभेला'मधला 'ला' डोक्यात, म्हणून लिहितात 'जॉइन्स टू द घटप्रभा'. तो 'टू' आधी खोड. 'जॉइन्स द घटप्रभा', बस्स. कंपनीलाही तसंच. आपण हातानं एक पाइप दुसऱ्याला जोडला, तर मात्र जॉइनपुढंही 'टू' चालतो. कनेक्टला 'टू', 'विथ' दोन्ही.