शुल्क शून्य झाले तर द्राक्षाला भाव वाढून मिळेल का?

तुमचा प्रश्न असा की, ब्रिटन किंवा युरोपशी व्यापार करार होऊन आयात शुल्क उठले, तर महाराष्ट्रातल्या ताज्या फळांची निर्यात वाढेल का आणि बागायतदाराला जास्त भाव मिळेल का. निर्यात काही प्रमाणात वाढेल. भावाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे: ज्याच्या हातात लेखी दर नाही, त्याच्या पदरात शुल्कसवलतीतला एक रुपयाही पडणार नाही. मी निफाड तालुक्यात निर्यातीची द्राक्षे पिकवतो आणि आमच्या घरात हा वाद २०१० पासून चालू आहे.

त्या हंगामात आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संगणक प्रणालीवर, नोंदणी होती, फवारणीची नोंदवही पूर्ण होती आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, अहवाल स्वच्छ आला होता. पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंग होऊन, म्हणजे माल आधीच थंड करून, न्हावाशेव्याहून कंटेनर सुटला. माल समुद्रात असतानाच बातमी आली की, युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले आहे. आमच्याकडे त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडेवाढ रोखली जावी आणि काडीत घड तयार व्हावेत, म्हणून ते तेव्हा सर्रास वापरले जात असे. त्याचा अंश काडीत टिकून राहतो आणि पुढे मण्यांत उतरतो. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्या वर्षी हे रसायनच नव्हते. म्हणजे यादीप्रमाणे पास झालेला माल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात नापास ठरला.

जूनमध्ये निर्यातदाराकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली. वर पेट्या आणि वजन, खाली वजावटी: शीतगृहाचे भाडे, पुन्हा केलेली तपासणी, फेरपॅकिंग, माल नष्ट करण्याचा खर्च. शेवटच्या ओळीत आम्हाला देणे काहीच नव्हते, उलट आमच्याकडूनच येणे काढले होते. माझ्या थोरल्या बंधूंनी ‘विक्री होईल तो दर’ या तोंडी बोलीवर माल दिला होता, त्यामुळे आधी मिळालेली उचल सोडली तर वर्षाच्या कष्टाचे काहीच हाती आले नाही. त्या वर्षी नाशिक जिल्ह्यात आमच्यासारखी असंख्य घरे होती.

दादा तेव्हापासून म्हणत आले आहेत की, चिलीचा माल युरोपात शुल्काविना जातो, आपल्या द्राक्षावर आठ टक्क्यांच्या आसपास शुल्क बसते, म्हणून निर्यातदाराला जोखीम पेलवत नाही आणि करार झाला की हे सगळे सुरळीत होईल. मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. शुल्क शून्य असते तरी तो कंटेनर अडलाच असता. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्यविषयक करारानुसार शास्त्रीय आधारावर स्वतःच्या मर्यादा ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाकडे आहे, आणि नंतरचे द्विपक्षीय करार साधारणपणे त्या हक्काला हात लावत नाहीत. युरोपने २००८ मध्ये सर्व सदस्यदेशांसाठी रेसिड्यूच्या मर्यादा एक केल्या. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, पण रेसिड्यूच्या मर्यादा ब्रिटन स्वतःच्याच कायद्याने ठरवतो.

आंब्याचेही तेच. जपानने २००६ मध्ये बाजार उघडला तो बाष्प-उष्ण प्रक्रियेच्या (गरम वाफेने फळातली कीड मारण्याच्या) अटीवर, अमेरिकेने २००७ मध्ये उघडला तो विकिरणाच्या (किरणांचा मारा करून कीड निष्प्रभ करण्याच्या) अटीवर, आणि तो माल लासलगावच्या विकिरण केंद्रातून गेला. मे २०१४ मध्ये युरोपने फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला आणि पॅकहाऊसची व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा सुरू केला. यात शुल्काचा प्रश्न कुठेच नव्हता.

शुल्काला काहीच अर्थ नाही, असे मात्र मी म्हणत नाही. बांगलादेशाने संत्र्यावरचे शुल्क वारंवार वाढवले आणि अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांचा तिकडचा बाजार खचला. तिथे दादांचे म्हणणे लागू पडते. शिवाय २०१० मध्ये काही निर्यातदारही पार बुडाले, आणि काहींनी नंतर हप्त्याहप्त्याने का होईना, शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले, हेही नोंदवले पाहिजे.

तुम्ही स्वतः माल देणार असाल, तर कराराच्या बातम्यांपेक्षा निर्यातदाराचा कागद आधी बघा. जागेवरचा (बागेत माल उचलतानाचा) दर किलोमागे किती, पैसे किती दिवसांत, आणि इथला अहवाल स्वच्छ असूनही तिकडे माल नाकारला गेला तर खर्च कोणाचा, हे तिन्ही मुद्दे लिहून घ्या. माल कोणत्या सुपरमार्केटला जाणार तेही विचारा, कारण युरोपातल्या काही साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांश एवढाच अंश चालवून घेतात आणि एका नमुन्यात किती रसायने सापडावीत यावरही बंधन घालतात. ही बोलणी खरड छाटणीच्या आधी व्हायला हवीत, कारण काय फवारायचे आणि काय नाही, हे तेव्हापासूनच ठरवावे लागते. दादा म्हणतात की एवढे विचारले तर निर्यातदार बागेत पाऊलच ठेवणार नाही. आमच्या बागेत २०११ पासून माल लेखी दरानेच जातो, आणि घेणारे येतात.