सेरेना पहिली नव्हे, दुसरी

प्रश्न असा आहे की टेनिसची ग्रँड स्लॅम (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी) एकेरी जिंकणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला सेरेना विल्यम्सच ना? नाही. सेरेनाने यूएस ओपन जिंकली १९९९ मध्ये. ॲल्थिया गिब्सनने फ्रेंच स्पर्धा १९५६ लाच जिंकली होती, आणि १९५७ व १९५८ अशी दोन्ही वर्षं विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धाही. एकेरीची एकूण पाच विजेतेपदं.

घोळ सामन्याच्या वेळी टीव्हीवर दिसणाऱ्या आकडेवारीच्या पट्टीमुळे होतो. तिथली आकडेवारी बहुतेक वेळा 'ओपन एरा'ची असते, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांची दारं उघडली त्या १९६८ पासूनची. ॲल्थिया त्याच्या दहा वर्षं आधीची, म्हणून यादीत दिसतच नाही.

ती न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढली, रस्त्यावर पॅडल टेनिस खेळत. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा १९४७ पासून ती दरवर्षी जिंकत होती. पण मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत शिरायचं कसं? आधी मोठ्या क्लबांच्या स्पर्धांत खेळून दाखवायचं, आणि ते क्लब तिला बोलवायचेच नाहीत. उघड नकार द्यायची गरजच नाही! ही मेख १९३९ ची विम्बल्डन विजेती ॲलिस मार्बल हिने जुलै १९५० मध्ये 'अमेरिकन लॉन टेनिस' मासिकात जाहीरपणे मांडली आणि स्वतःच्याच मंडळींना चांगलं फैलावर घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये ॲल्थियाला फॉरेस्ट हिल्सला, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जिथे ही मुख्य राष्ट्रीय स्पर्धा व्हायची तिथे, प्रवेश मिळाला.

दुसऱ्या फेरीत समोर लुईस ब्रॉ, सलग तीन वेळची विम्बल्डन विजेती. पहिला सेट १-६ गेला, दुसरा ॲल्थियाने ६-३ घेतला, तिसऱ्यात ती ७-६ ने पुढे. (तेव्हा टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं.) एक गेम हवा होता, आणि वादळ आलं. वीज अशी कडाडली की स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली कोसळला. खेळ दुसऱ्या दिवसावर गेला. रात्रभर त्या एका गेमचा विचार करत झोप कसली लागणार! सकाळी ब्रॉने सलग तीन गेम घेऊन ९-७ ने सामना संपवला. १९५७ मध्ये त्याच फॉरेस्ट हिल्सवर अंतिम सामन्यात ॲल्थियाने ब्रॉला ६-३, ६-२ असं हरवलं, तो हिशेब मला फार आवडतो.

आपल्याकडेही ती येऊन गेली आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९५५-५६ मध्ये काही खेळाडू आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठवले, त्यात ती होती. इंग्लंडची अँजेला बक्स्टन तिला भेटली ती याच काळात, भारतात. बक्स्टन ज्यू, तिलाही क्लबांचे बंद दरवाजे माहीत होते. दोघींनी १९५६ मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डनची दुहेरी जिंकली.

पैशाचं म्हणाल तर, हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम नसायचीच. १९५७ मध्ये खुद्द राणीच्या हातून करंडक घेतलेल्या या बाईने पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी प्रदर्शनीय टेनिस खेळून पैसे कमावले. मग व्यावसायिक गोल्फ खेळली, तिथेही पहिलीच कृष्णवर्णीय महिला. गोल्फने फारसं काही हाती दिलं नाही. १९९० च्या दशकात आजारपण आणि औषधांचा खर्च यांनी ती इतकी खचली की जीव द्यायची भाषा करत तिने बक्स्टनलाच फोन केला. बक्स्टनने तिचे हाल टेनिसच्या मासिकातून लोकांसमोर आणले, आणि जगभरातून पैशांची पाकिटं येऊ लागली.

२००३ मध्ये ती गेली. म्हणजे सेरेनाने १९९९ ला करंडक उचलला तेव्हा पहिली विजेती हयात होती.