हार्डवुड, म्हणजे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाच्या निर्यातीत पुढे कोण, सोलोमन आयलंड्स की फिजी?

नुसते घनमीटर मोजायचे तर सोलोमन, आणि तेही फार मोठ्या फरकाने. 2015 ते 2018 या काळात तिथून दरवर्षी 20 लाख घनमीटरच्या वर लाकूड बाहेर गेलं. जंगलाला झेपेल त्याच्या हे कितीतरी पट होतं. शिवाय जवळजवळ सगळा माल म्हणजे न कापलेले गोल ओंडके. क्विला, टाऊन, व्हायटेक्स अशी नैसर्गिक जंगलातली झाडं तोडायची, किनाऱ्यावर रचायची आणि थेट जहाजात चढवायची. बहुतेक माल चीनला जातो. फळ्या पाडणं, पॉलिश, फर्निचर, म्हणजे खरा पैसा मिळवून देणारं काम, तिथेच होतं. सोलोमन सरकारच्या हाती येतो तो मुख्यतः निर्यातकर.

फिजीचं गणित वेगळं आहे. तिथलं नाव घेण्यासारखं हार्डवुड म्हणजे महोगनी. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. ब्रिटिश अमलात त्याची लागवड सुरू झाली. माल कमी, पण बराचसा कापून जातो, गिटार बनवणारेही तो घेतात. जमीन मात्र स्थानिक कुळांची, त्यामुळे भाड्यावरून वाद चालूच.

आकडे ताडताना एक बघा: फिजीच्या एकूण लाकूड निर्यातीत पाइनच्या चिप्सही असतात. पाइन हार्डवुड नव्हे, ते आधी वजा करा.